ठिपक्याचे माप आणि हाताची शिस्त

अरबी सुलेखन शिकल्याने मन शांत होते, एकाग्रता वाढते आणि रोजच्या धावपळीचा ताण उतरतो, असे अलीकडे सर्रास सांगितले जाते. हे म्हणणे खोटे नाही, परंतु त्यात मुख्य काय आणि आनुषंगिक काय याची अदलाबदल झालेली असते. बगदाद, हेरात, कैरो आणि इस्तंबूल येथील उस्तादांनी शतकानुशतके शागिर्दांपुढे ठेवलेले ध्येय अक्षर मापात बसवण्याचे होते, आणि मनाला व शरीराला जो काही लाभ झाला तो त्या मापाच्या, पुनःपुन्हा होणाऱ्या दुरुस्तीच्या आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या सरावाच्या ओघात, जवळजवळ न मागता झाला. युनेस्कोने डिसेंबर २०२१ मध्ये सोळा देशांच्या संयुक्त प्रस्तावावरून अरबी सुलेखनाची, आणि त्याच वर्षी तुर्कस्तानच्या स्वतंत्र प्रस्तावावरून तेथील ‘हुस्न-इ-हत’ या परंपरेची, मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली, तेव्हा ही नोंद संग्रहालयांतील हस्तलिखितांची नव्हती, तर ज्ञानाची, कौशल्याची आणि प्रत्यक्ष व्यवहाराची होती. म्हणूनच या विद्येच्या लाभांचा विचार करताना तयार झालेल्या सुंदर फलकाकडे न पाहता, तो फलक लिहिणारा हात कसा घडवला जातो याकडे पाहणे आवश्यक ठरते.

या घडणीचा पाया दहाव्या शतकातील बगदादमध्ये सापडतो. अब्बासी खलिफांचा तीन वेळा वजीर झालेला इब्न मुक्ला (मृत्यू इ. स. ९४०) याच्या नावावर ‘अल्-खत्त अल्-मन्सूब’, म्हणजे प्रमाणबद्ध लेखन, ही पद्धत परंपरेने नोंदवलेली आहे. बोरूचे तिरके कापलेले टोक कागदावर टेकवून किंचित ओढले की चौकटच्या आकाराचा एक ठिपका उमटतो. त्याला ‘नुक्ता’ म्हणतात, आणि हा ठिपकाच या पद्धतीचे एकक आहे. ठिपक्यावर ठिपका रचून अलिफ या उभ्या अक्षराची उंची ठरते, त्या अलिफला व्यास मानून वर्तुळ कल्पिले जाते, आणि उरलेली अक्षरे त्या वर्तुळाशी व त्या उभ्या रेषेशी असलेल्या नात्याने बांधली जातात. ‘सुलुस’ या भारदस्त, इमारतींवरील लेखांना शोभणाऱ्या वळणात अलिफ साधारणपणे सात ठिपके उंच असतो, तर ग्रंथलेखनासाठी रूढ झालेल्या ‘नस्ख’ या आटोपशीर वळणात तो चार-पाच ठिपक्यांत आटोपतो. ठिपका बोरूच्या रुंदीवरच अवलंबून असल्यामुळे बोरू जाड असो वा बारीक, प्रमाण तेच राहते. मोजपट्टी लेखकाच्या हातातील साधनातच दडलेली असते, ही या व्यवस्थेची खरी करामत आहे.

इब्न मुक्लाच्या हातचे म्हणून निःसंशय मानावे असे काही आज उरलेले नाही. त्याच्या पद्धतीला सौष्ठव देणाऱ्या इब्न अल्-बव्वाबने हिजरी ३९१ मध्ये, म्हणजे इ. स. १०००-०१ मध्ये, लिहिलेली कुराणाची प्रत मात्र डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे, आणि हजार वर्षांनंतरही तिच्यातील ओळींचा सारखेपणा पाहणाऱ्याला थक्क करतो. पुढे तेराव्या शतकात याकूत अल्-मुस्तअसिमीने बोरूचे टोक अधिक तिरके कापण्याची रीत रूढ केली आणि जाड-बारीक रेषांतील फरक अधिक खुलला. या तिघांपासून सुरू झालेली उस्ताद-शागिर्दांची साखळी शेख हम्दुल्लाह (१४३६–१५२०) आणि हाफिज उस्मान (१६४२–१६९८) यांच्यामार्फत इस्तंबूलला पोहोचली आणि तेथे शिकवण्याची जी पद्धत स्थिरावली तिचाच आधार आजही बहुतेक गंभीर विद्यार्थी घेतात.

मापाचा मनावर होणारा पहिला परिणाम असा, की चुकीचे स्वरूपच बदलते. एरवी अक्षर ‘चांगले’ किंवा ‘वाईट’ असा शेरा मिळाला की तो शेरा लिहिणाऱ्याच्या अंगाला चिकटतो. ‘माझे अक्षरच वाईट’ असे म्हणत माणसे आयुष्य काढतात. ठिपक्याने मोजलेल्या अक्षराबाबत असा सरसकट निवाडा शक्यच नसतो. ‘नून’ची वाटी अर्ध्या ठिपक्याने उथळ झाली आहे, अलिफचे डोके जरुरीपेक्षा जास्त झुकले आहे, ‘बे’ची आडवी रेषा एका ठिपक्याने लांबली आहे, असे सांगितले जाते, आणि हे दोष लिहिणाऱ्याच्या योग्यतेत नसून कागदावर, बोट ठेवून दाखवता येतील अशा ठिकाणी असतात. स्वतःच्या उणिवेकडे न दुखावता पाहण्याची ही सवय उपदेशाने लागत नाही. ती मोजण्याने लागते. आत्मविश्वास वाढवण्याच्या नावाखाली प्रत्येक प्रयत्नाची वाहवा करणाऱ्या आजच्या शिक्षणपद्धतीपेक्षा हा मार्ग अधिक प्रामाणिक आहे आणि दीर्घकाळात अधिक दयाळूही आहे, कारण तो विद्यार्थ्याला शाबासकीवर अवलंबून ठेवत नाही.

लेखनाचे मनाशी असलेले नाते जुन्या अरबी विचारवंतांना ठाऊक होते. अबू हय्यान अत्-तौहीदी या दहाव्या-अकराव्या शतकातील लेखकाने लेखनविद्येवर लिहिलेल्या एका लहानशा प्रबंधात युक्लिडच्या नावावर एक विचार नोंदवला आहे, तो असा की लेखन ही आत्म्याची भूमिती असून ती देहाच्या साधनातून प्रकट होते. हा विचार युक्लिडचा असण्याचा संभव फारसा नाही; तरीही त्या काळच्या बगदादला सुंदर अक्षराची फोड भूमिती, आत्मा आणि देह या तिन्ही संज्ञा एकत्र आणून करावीशी वाटली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. आजच्या चर्चेत यांपैकी भूमिती गळून पडते, आत्म्याची जागा ‘मनःशांती’ घेते आणि देह हा सोयीस्कर खुर्चीत बसवण्यापुरता उरतो.

प्रत्यक्ष शिक्षण ‘मश्क’ या पद्धतीने चालते. मश्क म्हणजे उस्तादाने लिहून दिलेला कित्ता समोर ठेवून त्याबरहुकूम लिहिणे, आणि त्या लिहिण्याचा सरावही. उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्कांच्या, परंपरेत पहिला धडा अक्षरांचा नसतोच. काम सोपे व्हावे आणि नीट पूर्णत्वाला जावे अशी एक छोटी अरबी प्रार्थना विद्यार्थ्याला लिहायला दिली जाते, आणि ज्याला अजून एक अलिफही धड काढता येत नाही त्याने सुलुसमधील ही जोडअक्षरांची ओळ आठवड्यामागून आठवडे, प्रसंगी कित्येक महिने, लिहीत राहावयाचे असते. विद्यार्थी आठवड्यातून एकदा कागद घेऊन येतो. उस्ताद तो पाहतो, चुकलेल्या अक्षराखाली लाल शाईने तेच अक्षर स्वतः लिहून दाखवतो, जरूर तेथे ठिपके घालून माप दाखवतो, आणि पुष्कळदा तोच धडा पुन्हा आणावयास सांगतो. प्रार्थनेनंतर सुटी अक्षरे, मग दोन-दोन अक्षरांचे जोड आणि त्यानंतर सलग मजकूर, असा क्रम असतो. शेवटी एखाद्या जुन्या उस्तादाच्या कलाकृतीची बिनचूक नक्कल साधली की ‘इजाजत’, म्हणजे स्वतःच्या नावाने लिहिण्याची परवानगी, त्या नकलेच्याच खाली लेखी दिली जाते. ही परवानगी मिळेपर्यंत विद्यार्थ्याने आपल्या कागदावर सही करू नये असा दंडक आहे.

सोळाव्या शतकात इराणमध्ये बाबा शाह इस्फहानी या नस्तालीक वळणाच्या लिपिकाराने ‘आदाब अल्-मश्क’ नावाचा एक फारसी ग्रंथ लिहिला. त्यात मश्कचे तीन प्रकार सांगितले आहेत: ‘नजरी’ म्हणजे केवळ डोळ्यांनी कित्त्याचे अवलोकन करणे, ‘कलमी’ म्हणजे कित्त्यावरून बोरूने लिहिणे, आणि ‘खयाली’ म्हणजे कित्ता दूर ठेवून मनातल्या प्रतिमेवरून लिहिणे. या क्रमातील पहिली पायरी आजच्या शिकणाऱ्याला सर्वांत अनावश्यक वाटते, कारण तिच्यात हात स्वस्थ असतो आणि कागद कोराच राहतो. प्रत्यक्षात साऱ्या विद्येचा कणा तीच आहे. डोळ्याला जो फरक दिसत नाही तो हाताला दाखवता येत नाही. अक्षराचा काळा भाग पाहणे सोपे असते, परंतु दोन दांड्यांमधील पांढरी जागा, वाटीच्या पोटातील मोकळीक, एका शब्दाच्या शेपटीने पुढल्या शब्दाला दिलेले अंतर, या गोष्टी कित्येक तास नुसते पाहिल्यावरच नजरेत भरतात. जे लक्ष एरवी क्षणाक्षणाला दुसरीकडे ओढले जाते ते येथे एका बोटभर आकाराच्या वळणावर थांबायला शिकते, आणि थांबण्याचे त्याला कारणही असते. ‘मन एकाग्र करा’ अशा पोकळ आज्ञेवर ते थांबत नाही.

आधुनिक मेंदूविज्ञानातील एक निरीक्षण या जुन्या क्रमाशी विलक्षण जुळते. इंडियाना विद्यापीठातील कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरे समोर पाहून हाताने लिहावयास, काही ठिपक्यांच्या रेषेवरून गिरवावयास, तर काही कळफलकावर टंकित करावयास दिली. नंतर तीच अक्षरे दाखवून मेंदूचे चित्रण केले असता, वाचनाशी संबंधित भाग मुख्यतः हाताने लिहिलेल्या अक्षरांच्या वेळी जागृत झाल्याचे आढळले. गिरवलेल्या अक्षरांच्या बाबतीत तसे घडले नाही, हा या अभ्यासातील सर्वांत बोलका भाग आहे. दुसऱ्याच्या रेषेवरून हात फिरवणे आणि दुसऱ्याची रेषा पाहून स्वतःची रेषा उभी करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दुसऱ्या क्रियेत प्रत्येक वेळी थोडा चुकलेला आकार तयार होतो, मूळ आकाराशी त्याची तुलना होते आणि त्या तुलनेतूनच आकाराची समज पक्की होते. मश्कमध्ये कित्ता शेजारी किंवा वर असतो, हाताखाली कधीच नसतो. तयार फिकट अक्षरांवर रंग भरावयास लावणाऱ्या छंदवर्गांनी ही एवढी एक गोष्ट लक्षात घेतली तरी पुष्कळ साधेल.

शरीराचा भाग साधनांपासून सुरू होतो. लेखक आपला बोरू स्वतः कापतो. वाळलेल्या, तपकिरी झालेल्या बोरूचे पोट प्रथम धारदार चाकूने लांबट उतरते तासले जाते, दोन्ही बाजू सारख्या अरुंद केल्या जातात, टोकाला मधोमध उभी चीर दिली जाते, आणि मग बोरू ‘मकता’ या हाडाच्या, शिंपल्याच्या किंवा हस्तिदंती पट्टीवरील खोबणीत बसवून चाकूची धार टोकावर तिरकी ठेवून एकाच दाबाने खाली रेटली जाते. टोक तुटताना टक् असा स्वच्छ आवाज झाला तर काप साधला, चुरचुरला तर पुन्हा सुरुवात. दौतीत कच्च्या रेशमाचा बोळा असतो, त्यामुळे बोरू दौतीच्या तळाशी आपटत नाही आणि शाईही बेताचीच उचलतो. शाई दिव्याच्या काजळीची, डिंक घालून दीर्घकाळ घोटलेली. इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीत असंख्य दिव्यांची काजळी हवेच्या झोताने एका खोलीत जमा व्हावी आणि ती शाईसाठी वापरता यावी अशी रचनाच वास्तुकार सिनानने केली होती. कागदाला खळ, अंड्याचा पांढरा बलक आणि तुरटी यांचा लेप देऊन तो अकीकाच्या दगडाने घोटतात आणि मुरण्यासाठी वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ ठेवून देतात. अशा गुळगुळीत कागदावर बोरू दाबाला आणि कोनाला तत्काळ प्रतिसाद देतो: मनगट अंशभर वळले तरी रेषा जाडीतून बारीक होते, दाब किंचित सुटला तरी कड फाटते. मनातली घाई, चिडचिड किंवा धास्ती इतक्या उघडपणे दाखवणारी साधने फार थोडी आहेत.

हे साधन सांभाळण्यासाठी सारे शरीर कामाला लागते. बारीक नस्ख बोटांच्या हालचालीवर निभावते, परंतु सुलुसचा लांब उतरता अलिफ किंवा ‘काफ’चा तिरका फटकारा बोटांनी काढू गेल्यास थरथरतो, तो मनगट स्थिर ठेवून कोपरापासून, आणि मोठ्या लेखनात खांद्यापासून, ओढावा लागतो. परंपरेत लेखक बैठकीवर बसून उजवा गुडघा उभा धरत आणि त्यावर कातड्याच्या किंवा कागदांच्या लवचीक पाटीवर कागद ठेवून लिहीत, त्यामुळे हाताखालची जागा किंचित दबत असे आणि बोरूचा कडकपणा सौम्य होई. लांब रेषा ओढताना श्वास रोखून धरावयाचा आणि ती संपली की सोडावयाचा, ही गोष्ट काही उस्ताद शब्दांत सांगतात, तर काहींचे शागिर्द ती नुसत्या पाहण्यातून उचलतात. शास्त्रीय गायनातील खर्जाच्या रियाजाप्रमाणेच येथे श्वासाचे नियमन हे स्वतंत्र व्यायाम म्हणून न शिकवता कामाचा भाग म्हणून शिकवले जाते. उस्मानी सुलेखनाचा आद्य आचार्य मानला गेलेला शेख हम्दुल्लाह हा नामांकित तिरंदाज होता आणि इस्तंबूलच्या तिरंदाजांच्या आखाड्याचे प्रमुखपद त्याच्याकडे होते, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. दोन्ही विद्यांत ताणलेला हात स्थिर ठेवून योग्य क्षणी, योग्य श्वासावर, एकच अखंड हालचाल करावयाची असते.

इब्न मुक्लाच्या अखेरीच्या हकिकतीत शरीराच्या या सहभागाची दुसरी बाजू दिसते. राजकीय डावपेचांत सापडल्यावर खलिफा अर्-रादीच्या कारकिर्दीत त्याचा उजवा हात तोडण्यात आला, आणि इतिहासकार सांगतात की त्यानंतर तो तोडलेल्या हाताच्या उरलेल्या भागाला बोरू बांधून लिहीत असे. अखेर तुरुंगातच त्याचा मृत्यू झाला. या हकिकतीतील तपशिलाबद्दल कोणी शंका घेतली तरी तिने परंपरेला दिलेली शिकवण स्पष्ट आहे, ती अशी की अक्षर बोटांत राहत नाही. शरीरशास्त्रही याला दुजोरा देते: माणसाची अक्षराची ठेवण कागदावर लिहिताना आणि फळ्यावर लिहिताना, म्हणजे अगदी वेगळे स्नायू वापरतानाही, ओळखू येण्याइतकी सारखी राहते, कारण मेंदूत साठवली जाते ती रेषेची कल्पना असते, विशिष्ट स्नायूंची आज्ञावली नव्हे. वर्षानुवर्षे केलेला मश्क हाताला वळण लावतो असे म्हटले जात असले तरी खरे वळण लागते ते हाताला आज्ञा देणाऱ्या यंत्रणेला.

या सर्वांतून आरोग्याला नेमके काय लाभते, याचे उत्तर देताना संयम पाळला पाहिजे. हाँगकाँग विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ हेन्री काओ यांनी चिनी कुंचलालेखनाचा दीर्घकाळ अभ्यास करून लेखन चालू असताना श्वसन आणि हृदयाचे ठोके मंदावतात असे नोंदवले आहे. नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथील विद्यापीठात ऑड्री व्हॅन डर मीर आणि त्यांच्या सहकाऱ्याने ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूतील विद्युत्-हालचाली टिपून, हाताने लिहिताना मेंदूच्या निरनिराळ्या भागांतील संपर्क टंकलेखनापेक्षा कितीतरी अधिक व्यापक असतो असे २०२४ मध्ये दाखवून दिले. हे निष्कर्ष मोलाचे आहेत, पण चिनी कुंचल्याची हालचाल आणि अरबी बोरूची हालचाल एक नव्हे, नॉर्वेच्या प्रयोगात टंकलेखन एकाच बोटाने करवून घेतले होते आणि विद्यार्थी प्रत्यक्षात काय शिकले याचे मोजमाप त्यात नव्हते. त्यामुळे सुलेखनाने रक्तदाब बरा होतो किंवा स्मृतिभ्रंश टळतो अशी आश्वासने देणे हा या विद्येवरही अन्याय आहे आणि आजारी माणसावरही. जे ठामपणे म्हणता येते ते वेगळे आणि पुरेसे आहे: ज्या क्रियेत नजर, श्वास, खांदा आणि मनगट एकाच कामाला जुंपलेले असतात, जिचा परिणाम तत्क्षणी डोळ्यांपुढे उमटतो आणि जिची सुधारणा मोजता येते, तिच्यात घालवलेला वेळ माणसाला विखुरलेपणातून बाहेर काढतो. याबरोबर किंमतही मोजावी लागते. मान खाली घालून तासन्‌तास बसल्याने पाठ आणि मान दुखते, बोरू घट्ट आवळून धरणाऱ्याच्या अंगठ्याला कळा लागतात, अपुऱ्या उजेडात बारीक नस्ख लिहिणाऱ्याचे डोळे शिणतात. म्हणूनच जाणता उस्ताद पहिल्या काही महिन्यांत अक्षराइतकेच बसण्याकडे आणि पकडीकडे लक्ष देतो.

या शिस्तीवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की शतकानुशतके तेच कित्ते, तीच मापे आणि इजाजतीसाठीसुद्धा नक्कल, यातून व्यक्तिमत्त्व मारले जाते. आक्षेप गंभीर आहे, आणि मश्कच्या नावाखाली निर्जीव नकला काढणारे लेखक प्रत्येक पिढीत झाले हेही खरे. परंतु परंपरेतच त्याचे उत्तर आहे. मुस्तफा राकिम (मृत्यू १८२६) याच्या आधी इमारतींवरील ‘जली’, म्हणजे फार मोठ्या आकाराच्या, सुलुसमध्ये अक्षरे जडशीळ आणि बेढब दिसत, कारण कागदावरची प्रमाणे उंच भिंतीवर जशीच्या तशी टिकत नाहीत. राकिमने लहान आकारातील निर्दोष अक्षर चौकटी आखून मोठे करण्याची रीत वापरली, खालून पाहणाऱ्याच्या नजरेचा विचार केला, आणि सुलतानाच्या राजमुद्रेची, तुघ्राची, घडणही नव्याने बांधली. हा बदल परंपरेबाहेरून आलेल्या बंडखोराने नव्हे, तर तिची मापे रक्तात भिनलेल्या माणसाने केला, आणि मापे इतकी पक्की असल्याशिवाय ती कोठे अपुरी पडतात हे त्याला दिसलेही नसते. इस्तंबूलच्या फातिह भागातील नक्शिदिल सुलतानच्या कबरवास्तूवर त्याने लिहिलेला पट्टा पाहणाऱ्याला व्यक्तिमत्त्वाचा अभाव जाणवणार नाही. ज्या सरावाच्या कागदांवर उस्ताद एकावर एक अक्षरे रचून सारी जागा काळी करून टाकत, ते ‘करालामा’ही आज स्वतंत्र कलाकृती म्हणून जपले जातात, अर्थाच्या बंधनातून सुटलेले ते लेखन पाहताना शिस्तीच्या पोटात केवढे स्वातंत्र्य सामावलेले असते ते कळते.

याच संदर्भात एका गैरसमजाचा विचार करावा लागतो. पूर्व आशियाई कुंचलालेखनाच्या प्रभावामुळे सुलेखन म्हणजे एका झटक्यात उमटलेली, पुन्हा न सुधारता येणारी उत्स्फूर्त रेषा, असे अनेकांना वाटते. अरबी-उस्मानी परंपरा या कल्पनेला मान देत नाही. घोटलेल्या कागदावरची काजळीची शाई आत मुरत नाही, ती ओल्या बोटाने पुसता येते, वाळल्यावर चाकूच्या टोकाने खरवडता येते, आणि थोर उस्तादही आपल्या मोठ्या रचनांच्या कडा महिनोन्‌महिने दुरुस्त करत. येथे चूक लपवली जात नाही किंवा तिचे कौतुकही होत नाही. ती दुरुस्त केली जाते, आणि दुरुस्त करण्याला हलके मानले जात नाही. परीक्षेच्या आणि स्पर्धेच्या धाकात वाढलेल्या मनाला या वृत्तीचा जो दिलासा मिळतो तो कोणत्याही ध्यानवर्गापेक्षा अधिक टिकाऊ असण्याची शक्यता आहे.

दुसरा प्रश्न धर्माचा आणि भाषेचा. या कलेची वाढ कुराणाच्या प्रती लिहिण्याच्या निष्ठेतून झाली, आणि त्या निष्ठेला वगळून केवळ ‘आकृतिबंध’ म्हणून तिच्याकडे पाहणे हा एक प्रकारचा दरिद्रीपणा आहे. परंतु ती अरबी मातृभाषा असणाऱ्यांपुरती कधीच नव्हती. तिची शिखरे गाठणारे इराणी आणि तुर्क अरबी भाषा परकी म्हणूनच शिकले होते. १ नोव्हेंबर १९२८ रोजी तुर्कस्तानने लॅटिन लिपी स्वीकारली आणि एका फटक्यात इस्तंबूलच्या सुलेखकांचा चरितार्थ संपला. तरीही हामिद आयताच (१८९१–१९८२) यांच्यासारख्यांनी छपाईच्या व्यवसायावर गुजराण करत ही विद्या जिवंत ठेवली, आणि बगदादच्या हाशिम मुहम्मदसारखा अरब जगातील श्रेष्ठ लेखक इजाजतीसाठी त्यांच्याकडे आला. त्यांचे शिष्य हसन चेलेबी यांनी पुढे अमेरिकेचे मोहम्मद झकरिया आणि जपानचे फुआद कोइची होंदा यांना इजाजत दिली. ज्या देशात ही लिपी रोजच्या व्यवहारातून हद्दपार झाली त्याच देशातून ती जगभर शिकवली गेली, हे लक्षात घेतले म्हणजे भाषेची अडचण दुर्लंघ्य नसल्याचे दिसते. मात्र लिहिलेल्या ओळीचा अर्थ आणि उच्चार समजून घेण्याचे कष्ट विद्यार्थ्याने घेतलेच पाहिजेत. न समजणाऱ्या पवित्र वचनांची नक्षी काढत बसणे हे ना सुलेखन, ना आदर.

महाराष्ट्राला ही विद्या अगदी परकी नाही. विजापूरच्या आदिलशाहीत, जिच्या अमलाखाली दक्षिण महाराष्ट्राचा मोठा भाग होता, इब्राहिम रोजाच्या भिंती आणि दगडी जाळ्या अरबी लेखांनी भरून गेल्या. मोडी लिहिणारे कारकून तिरका कापलेला बोरूच वापरत. आणि मुंबईतील उर्दू वृत्तपत्रे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कातिब नावाच्या लेखनिकांच्या हातच्या नस्तालीकवर निघत. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या अक्षरांवरून ‘नूरी नस्तालीक’ ही संगणकीय अक्षरमाला तयार झाली आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत कातिबांचा धंदा बसला. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषद देशभर सुलेखनाचे अभ्यासक्रम चालवते ही समाधानाची गोष्ट आहे, तरी त्यांचा भर स्वाभाविकपणे संगणकीय मांडणी आणि रोजगार यांवर असतो. मन आणि शरीर घडवणारा मश्क त्यात आपोआप येईल असे मानता येत नाही.

मुंबई, पुणे किंवा छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात हा मश्क रुजवायचा असेल तर त्याला लागणारी सामग्री मोठी नाही, पण ती बदलून चालणार नाही. दोन दिवसांच्या शिबिरात रंगीत शाईने स्वतःचे नाव लिहून घरी नेणे हा आनंदाचा अनुभव असेल, परंतु वर वर्णिलेल्या लाभांपैकी एकही त्यातून मिळत नाही, कारण त्यात दुरुस्ती नाही आणि दुरुस्तीनंतरचा दुसरा आठवडाही नाही. उस्मानी उस्ताद धड्याचे पैसे घेत नसत. ते आज कोणाकडून अपेक्षिणे अन्यायाचे होईल, आणि म्हणून एखाद्या ग्रंथालयाने, मदरशाने किंवा कलाशाळेने एका जाणत्या लेखकाला वर्षभराचे मानधन देऊन आठवड्यातून एक संध्याकाळ मोजक्या विद्यार्थ्यांसाठी बसवणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. दूरच्या उस्तादाकडे कागदाचे छायाचित्र पाठवून लाल शाईची दुरुस्ती मागवता येते, आणि आज अनेक जण असे शिकतातही. मात्र छायाचित्रात अक्षराचा दोष दिसतो, बोरू कोणत्या कोनात टेकला, श्वास कोठे तुटला आणि खांदा कधी ताठरला हे दिसत नाही, त्यामुळे निदान पहिले वर्ष उस्तादासमोर बसूनच काढावे लागते.